टेलचा डबा

लांबच्या प्रवासात जेवायला कुठे थांबायचं, यावरून आमच्या घरात दर खेपेला वाद होतो. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो निघायच्या आधीच मोबाइलवर सगळं ठरवून टाकतो. नाश्ता इथे, जेवण तिथे, चहा अमक्या पुलाच्या अलीकडे. सूनबाईंना रस्त्यात झाड आवडलं किंवा उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसलं की थांबायचं असतं. मग दोघंही माझ्याकडे बघतात, कारण मी फौजेत आयुष्यभर गाडी चालवली. मी म्हणतो, ठरल्या जागीच थांबायचं. आणि अर्ध्या वाटेत मीच भलत्या ठिकाणी गाडी बाजूला घ्यायला लावतो. बायको म्हणते, यांचं काही खरं नाही. तिला कारण माहीत आहे, तरी म्हणते.

कारण म्हणजे हवालदार आनंदा कांबळे.

मी आजऱ्याकडचा, आडनाव देसाई. आनंदा उचगावचा. मी तेव्हा नाईक होतो, तो माझा सीनियर. आमचं पोस्टिंग उत्तरेतल्या एका डोंगरी रस्त्यावर, ट्रान्सपोर्ट कंपनीत होतं. रस्त्याचं नाव सांगत नाही. ज्यांनी त्यावर गाडी चालवलीय त्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना नाव सांगून काही कळणार नाही. एका बाजूला भुसभुशीत डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली नदी, आणि मध्ये एक ट्रक जेमतेम जाईल एवढी जागा. वरच्या चौक्यांना रेशन, रॉकेल आणि दारूगोळा पोचवायचा, एवढं आमचं काम.

कॉन्व्हॉयमध्ये ड्रायव्हरला भूक लागली म्हणून गाडी थांबत नाही. कुठे थांबायचं हे आदल्या दिवशी ठरतं. त्याला हॉल्ट म्हणतात. लंगरची, म्हणजे स्वयंपाकाची गाडी पुढे जाऊन तिथे चुली पेटवते. सपाट मैदान, वर डोंगर नाही, पाणी जवळ, अशीच जागा हॉल्टला निवडतात. त्याच्या अलीकडे कितीही झकास जागा दिसली, तरी तिच्याकडे बघायचं आणि पुढे जायचं. नागरिकांना हे फार कडक वाटतं. वाटू दे. त्या रस्त्यावर माणसं थांबल्या जागी मरतात.

आता यातली खोच अशी की कॉन्व्हॉयची शेवटची गाडी या नियमात कधी बसत नाही. तिला आम्ही 'टेल' म्हणतो. टेलवर रिकव्हरीची गाडी असते, म्हणजे क्रेन, दोरखंड आणि दुरुस्तीची हत्यारं असलेली. पुढच्या कुणाची गाडी बंद पडली की टेलने थांबायचं. मागे कुणी राहता कामा नये, ही टेलची जबाबदारी. त्यामुळे टेल हॉल्टवर पोचायची तेव्हा बाकीचे जेवून, भांडी घासून, विडी ओढून मोकळे झालेले असायचे. म्हणून आमच्या कंपनीत एक रिवाज होता. लंगरमध्ये वरण-भात झाला की पहिला वाटा टेलचा काढायचा. मेस टिनमध्ये भरून, झाकण लावून, तो पहिल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवायचा. इंजिन तापलेलं असतं, जेवण तासन् तास गरम राहतं. टेल आल्याशिवाय त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. साहेबसुद्धा नाही.

आनंदा टेलचा ड्रायव्हर होता आणि मी त्याचा को-ड्रायव्हर. तो डबा आम्ही दोघांनी मिळून किती वेळा खाल्ला असेल, याचा हिशेब नाही.

माणूस खाण्यापिण्याचा शौकीन. बोलायला फटकळ, आवाज असा की वायरलेस नसता तरी चाललं असतं. लंगरच्या प्रत्येक भाजीला नावं ठेवायचा आणि टिन पुसून खायचा. त्याचं ठरलेलं वाक्य एकच, "मीठ कमी हाय." कुकने मुद्दाम मूठभर जास्त टाकून बघितलं. बाकीचे पाणी पीत सुटले आणि हा म्हणाला, "आज बरं हाय, पर आजून कमीच हाय." शर्टाच्या खिशात औषधाच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली असायची, तिच्यात मीठ.

सुट्टीवर आम्ही शक्यतो बरोबर यायचो. एकदा त्याने भावाची जीप घेतली आणि मला आजऱ्याला सोडायला निघाला. मी हिशेब केला होता, जेवायला घरी. निघून तास झाला नसेल, तर गुळाच्या गुऱ्हाळाचा धूर दिसला आणि जीप थेट शेतात.

"आरं, घरी आई वाट बघत असंल," मी म्हणालो.

"बघू दे की. आज कॉन्व्हॉय न्हाय, हॉल्ट न्हाय. भूक काय साहेबाला इचारून लागती व्हय?"

गुऱ्हाळवाला ओळखीचा ना पाळखीचा. पण आनंदाने दहा मिनिटांत त्याच्याशी नातं काढलं. कढईतली गरम काकवी, घरून आणलेली भाकरी, वर शेंगदाणे. त्यावरही याने मीठ टाकलं. मी रागावलो होतो. पण खरं सांगतो, तसं जेवण मला पुन्हा मिळालं नाही.

त्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्याची आई हौसाबाई दारातच थबकली. मला आत घेतलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "पावणं, आमच्यात जेवशीला न्हवं?"

मला कानकोंड्यासारखं झालं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि खाली हसत उभा आनंदा.

"तुमच्या लेकानं मला एका डब्यात खायला घातलंय, मावशी," मी म्हणालो. "आता कसलं इचारताय?"

त्या दिवशी तिने मला इतकं वाढलं की मला उठता येईना. त्या दिवसापासून मी 'पावणं' राहिलो नाही, दत्ता झालो.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आदल्या दिवशी डोंगरात पाऊस झाला होता. सकाळी आकाश निवळलं. साडेपाचला ट्रान्झिट कॅम्पमधून कॉन्व्हॉय निघाला. ब्रीफिंगमध्ये कॅप्टन साहेबांनी सांगितलं की, हॉल्टच्या अलीकडे दरडीचा पट्टा आहे, तिथे गाड्या एकेक करून पार करायच्या. एक पलीकडे पोचली की मगच दुसरी. पट्ट्यात कुणी थांबायचं नाही. नेहमीचंच होतं. आम्ही मान डोलावली.

सकाळ शांत गेली. पट्ट्याच्या अलीकडे एका वळणावर बघतो तर पुढे एक सिव्हिल ट्रक उभा. भाजीपाल्याचा. तो मध्येच कुठूनतरी कॉन्व्हॉयच्या आणि आमच्या मध्ये घुसला होता आणि आता त्याच्या रेडिएटरमधून वाफ येत होती. रस्ता अरुंद, बाजूने जायला जागा नाही. मी वायरलेस घेतला.

"लीडर, टेल बोल रहा हूँ. आगे सिव्हिल ट्रक ब्रेकडाउन. रास्ता बंद. ओव्हर."

"टेल, लीडर. बाकी सब पट्टा पार. ट्रक को निकालो, साथ लेके आओ. ओव्हर."

"रॉजर. आउट."

ट्रकचा ड्रायव्हर उतारवयाचा सरदारजी होता, एकटाच. आनंदाने हात लावून बघितलं. रेडिएटर इतका तापलेला की झाकण उघडलं असतं तर तोंड भाजलं असतं. थंड होईपर्यंत वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. ओढून न्यावा, तर दरडीच्या पट्ट्यात दोरखंडाने जोडलेल्या दोन गाड्या एकदम न्याव्या लागल्या असत्या, आणि तीच तर मनाई. आनंदा म्हणाला, "थंड हुंदे."

सरदारजीने तोवर स्टोव्ह पेटवलेलाच होता. आलू-मेथी सकाळी केलेली, त्याने फक्त रोट्या टाकायला घेतल्या. "फौजी भाई, जब तक गाडी ठंडी होती है, दो रोटी खा लो."

मी आनंदाकडे बघितलं. हॉल्टवर आमचा डबा बॉनेटवर ठेवलेला असणार, हे दोघांनाही माहीत होतं.

"काय बघायलाईस?" आनंदा म्हणाला. "गाडी हलत न्हाय, तंवर हात तरी हलू दे."

आम्ही उभ्यानेच खाल्लं. तव्यावरची रोटी, आलू-मेथी, हिरवी मिरची. आनंदाने कांदा बुक्कीने फोडला. आमच्याकडे फोडतात तसाच, चाकू न लावता. सरदारजी त्यावर हसला. पहिला घास घेतला आणि आनंदाने मान हलवली.

"मीठ कमी हाय."

खिशातली बाटली काढली, भाजीवर शिंपडली, सरदारजीलाही दिली. चार रोट्या खाल्ल्या. शेवटच्या तुकड्याने ताटली पुसली.

मग झाकण उघडलं, झऱ्याचं पाणी भरलं, ट्रक सुरू झाला. गाडीत वायरलेसचा सेट होताच, म्हणून आनंदाने वॉकीटॉकी माझ्या हातात दिला.

"तू ह्येच्या ट्रकात बस. पट्ट्यात परत तापला तर मला कोण सांगनार? पलीकडं पोचलास की बोल, मग मी निघतो."

"तू एकटा?"

"टेल कोन हाय? मीच हाय की."

ट्रक पट्टा पार करून गेला. वरून बारीक खडे घरंगळत होते, तेवढेच. पलीकडे पोचल्यावर मी बोललो, "टेल, ट्रक पार. आ जाओ. ओव्हर."

"आलो," तो मराठीत म्हणाला.

त्याची गाडी वळणावरून पट्ट्यात आलेली मला दिसली. अर्धा पट्टा पार झाला होता. आधी आवाज आला. डोंगर खाली आला तो एका बाजूने नाही, सगळाच आला. धूळ उठली आणि काही दिसेना. मी "आनंदा, आनंदा" म्हणत वायरलेस दाबत राहिलो. त्यावर नावं घ्यायची नसतात. मी घेतली. मी ढिगाऱ्याकडे धावलो, तेव्हा मागाहून आलेला एक दगड खांद्यावर बसला आणि मी पडलो. सरदारजीने मला ओढून मागे घेतलं.

त्याला दुसऱ्या दिवशी काढलं. मी तेव्हा इस्पितळात होतो, खांद्याचं हाड मोडलेलं. मला त्याचं शेवटचं दर्शन झालं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मला विचारलं, टेल गाडी जेवणासाठी थांबली होती का? मी सांगितलं, नाही साहेब, ट्रकसाठी थांबली होती. रेडिएटर थंड होईपर्यंत जेवलो. जेवणाने एक मिनिटही जास्त गेलं नाही. सरदारजीनेही तेच सांगितलं. नोंदही तशीच झाली. तरी मनात येतं, दहा मिनिटं आधी निघालो असतो तर? पण रेडिएटरमधलं पाणी आम्ही जेवलो नसतो तरी तेवढ्याच वेळात थंड झालं असतं. मी अनेकदा हे स्वतःला समजावलं आहे. पटतं, आणि परत मनात येतं.

इकडे उचगावात मात्र वेगळंच होऊन बसलं होतं.

कॅप्टन साहेब भला माणूस. इन्क्वायरीच्या आधीच, पहिल्या दिवशी, त्यांनी आनंदाच्या घरी फोन केला. आईला काय सांगावं सुचेना, तेव्हा ते डब्याबद्दल बोलले. म्हणाले, त्याचा डबा आम्ही संध्याकाळपर्यंत बॉनेटवर तसाच ठेवला होता, कुणी हात लावला नाही. त्यांना मान सांगायचा होता. टेलचा डबा म्हणजे काय, हे उचगावात कुणाला माहीत असणार? त्यांनी एवढंच ऐकलं की जेवण तसंच राहिलं. अंत्यसंस्काराला माईकवर कुणीतरी म्हणालं, आपला आनंदा उपाशीपोटी देशासाठी गेला. दुसऱ्याने तेच म्हटलं. मग फलक लागले, गल्लीच्या तोंडाला कमान झाली आणि तिच्यावर ते शब्द कायमचे बसले.

आणि हौसामावशीने दुपारचं जेवण सोडलं.

हे मला मी सुट्टीवर आल्यावर कळलं. खांदा अजून बांधलेला होता. आनंदाचा भाऊ सुनील मला स्टँडवर न्यायला आला होता. मोटारसायकलवर मागे बसल्या बसल्या मला तो म्हणाला, "आई दुपारी ताटावर बसतच न्हाय. म्हणती, माझं पोर त्या वेळंला उपाशी गेलं, माझ्या घशाखाली उतरत न्हाय. डॉक्टर झाले, समद्या पै-पावण्यांनी सांगून झालं. कुणाचं आईकत न्हाय."

मी त्याला गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेलाच त्याला सगळं सांगितलं. रेडिएटर, सरदारजी, चार रोट्या.

सुनील म्हणाला, "दत्तादा, ह्ये आईला सांगू नगो."

"का?"

"आईला सांगितलं की गल्लीला कळनार. कमानीवर काय लिवलंय बघितलंस न्हवं? उद्या लोक म्हनतील, खायला थांबला म्हणून मेला. कोन आईकनार तुझा रेडिएटर? आमच्या मानसाला लोकं आधीच चार बोटं कमी धरत्यात. आता कुटं समदं गाव मान द्यायलंय."

त्याचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. लोक तसं म्हणाले असते. फौजेत आठवडाभर तेच कुजबुजत होते, इन्क्वायरीचा निकाल लागेपर्यंत. आनंदाच्या नावाला डाग लागू द्यायचा नाही, हे मलाही कळत होतं. एका बाजूला त्याचं नाव आणि दुसऱ्या बाजूला त्याची आई. मी पुन्हा मोटारसायकलवर मागे बसलो.

मावशीला बघितलं आणि माझा जीव गलबलला. भाकरीएवढा तिचा चेहरा होता, तो ओंजळीएवढा झाला होता. माझ्या बांधलेल्या खांद्यावरून तिने हात फिरवला. दुपारची वेळ होती. तिने मला वाढलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसली.

"तू जेव, लेकरा. मी सांजच्याला खाईन."

ताटात तिच्या हातची भाकरी होती. तो घास माझ्याच्याने उचलवेना. मी सुनीलकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

"मावशी, आनंदा उपाशी न्हवता," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघून कसनुसं हसली. "तुबी आता? समदी सांगून गेली. कोन म्हनतं जेवला आसंल, कोन म्हनतं बिस्कुटं खाल्ली आसतील. मला बरं वाटावं म्हणून सांगायलाईस."

"मी बरूबर हुतो. एका ताटलीत खाल्लं आम्ही. आलू-मेथी आनि रोटी. एका सरदारजीनं दिली. ट्रक थंड व्हायची वाट बघत हुतो, तंवर."

तिचा विश्वास बसला नव्हता, ते दिसत होतं.

"त्येनं कांदा बुक्कीनं फोडला," मी म्हणालो. "आनि पयल्या घासालाच म्हनाला, मीठ कमी हाय."

हौसामावशी एकदम सरळ बसली. पदर तोंडाशी नेला. तिच्या तोंडून पहिल्यांदा जो आवाज आला, तो हसण्याचा होता. मग ती रडली. आम्ही तिला रडू दिलं. मीही रडलो, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "गरम हुती का रोटी?"

"तव्यावरची, मावशी."

"किती खाल्ल्या?"

"चार. ताटली पुसून खाल्ली."

"मीठ घातलं का मग वरनं?"

"घातलं. खिशातली बाटली हुतीच."

सुनील हळूच म्हणाला, "आई, पर ह्ये भाईर बोलू नगो. कमानीवर उपाशी लिवलंय. लोकं काय म्हनतील."

मावशीने डोळे पुसले. "लिवलंय ते ऱ्हाऊ दे की तितंच. लोकांस्नी उपाशी पायजे आसंल. मला माझा पोर जेवलेलाच पायजे."

एवढं बोलून ती उठली, चुलीपाशी गेली, स्वतःसाठी ताट घेतलं आणि माझ्यासमोर जेवायला बसली. सुनील बाहेर जाऊन उभा राहिला. कमान अजून तिथेच आहे, शब्द तसेच आहेत. त्यांच्या खालून जाताना मी दर वेळी टोपी काढतो.

आता मी निवृत्त आहे. मावशी थकली आहे, पण आहे. वर्षातून एकदा मी तिला गाडीत घालून आजऱ्याला आमच्या घरी आणतो, चार दिवस ठेवून घेतो. निघताना मुलगा फोनवरून मला विचारतो, "बाबा, जेवायला कुठे थांबणार?" मी एखाद्या हॉटेलाचं नाव सांगतो. ते हॉटेल आम्हाला कधीच लागत नाही. मावशी खिडकीतून बघत असते. कुठेतरी पाणी दिसतं, सावली दिसते, आणि ती म्हणते, "थांबीव रे हितं."

मी थांबवतो. ती फडकं सोडते. भाकरी, भाजी, कांदा. टेलचा रिवाज मी तिला सांगितलेला आहे. पहिला वाटा ती डब्यात काढते, झाकण लावते आणि बॉनेटवर ठेवायला माझ्याकडे देते. आजकालच्या गाड्यांची बॉनेटं उतरती, डबा घसरतो. मी हाताने धरून उभा राहतो. मग ती आपला घास घेते, चावते आणि रस्त्याच्या मागच्या बाजूला, आम्ही आलो तिकडे बघत राहते.

"दत्ता," ती म्हणते, "त्येच्या डब्यात मीठ घातलंस न्हवं?"

मी झाकण उघडून वरून चिमूटभर घालतो आणि पुन्हा लावतो.